चौकट, चाळ आणि टाच : झाडीपट्टीतील स्त्रीवेषाच्या सार्वजनिकतेचा प्रश्न

१

पुरुषाने उंच टाचेची पादत्राणे घालून भर रस्त्याने चालावे की नाही, हा प्रश्न मराठी समीक्षेच्या कक्षेत येतो असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटणार नाही. तो फार तर फॅशनच्या पुरवण्यांचा विषय आहे, महानगरी हौसेचा आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या अरण्यप्रदेशाशी त्याचा काडीमात्र संबंध नाही, अशीच सर्वसाधारण समजूत असणार. परंतु या प्रश्नातील वस्तू क्षणभर बाजूला ठेवून त्याची रचना पाहिली, तर त्यात तीन घटक दिसतात : पुरुषाचे शरीर, स्त्रीची म्हणून मान्य झालेली वेषखूण आणि पाहणारा समुदाय. हे तीन घटक एकत्र येण्याचा सर्वांत दीर्घ व सर्वांत सलग अनुभव महाराष्ट्रात ज्या प्रदेशांनी घेतला, त्यांत झाडीपट्टीचा क्रम फार वरचा आहे. दंडार, खडी गंमत आणि त्यांच्याच मुशीतून वाढलेली झाडीपट्टी रंगभूमी यांनी स्त्रीवेषातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या मध्यभागी उभा केला. गावाने तो पाहिला, त्याला दाद दिली आणि सकाळी आपापल्या कामाला लागले.

या परंपरेचा दाखला अलीकडे एका विशिष्ट हेतूने दिला जातो. लिंगभावाच्या बंधनांविरुद्ध बोलणाऱ्यांना ती ‘आमच्याकडे हे पूर्वीपासून मान्यच होते’ असे म्हणण्यासाठी उपयोगी पडते, तर त्यांच्या विरोधकांना ‘आमच्याकडे जे होते ते निराळे, आजचे थेर निराळे’ असे म्हणण्यासाठी. दोन्ही पक्ष परंपरेला साक्षीदार म्हणून उभे करतात, पण तिची उलटतपासणी कोणीच करीत नाही. परंपरेने नेमके काय मान्य केले होते, कोणाला, किती वेळ आणि कोणत्या मोबदल्यात, हे प्रश्न विचारल्याशिवाय त्या साक्षीचे मोल ठरवता येत नाही. येथे ती उलटतपासणी करावयाची आहे.

२

झाडीपट्टी म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचा आणि दाट जंगलाचा पट्टा. आजच्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत तो पसरला आहे. त्यांपैकी गडचिरोली हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला जिल्हा. येथील नाटकाचा हंगाम धानाच्या हंगामाला बांधलेला आहे. कापणी-मळणी उरकली, दिवाळी झाली, भाऊबीजेच्या सुमारास गावोगावी मंडई भरू लागली की नाटकांना सुरुवात होते आणि होळीच्या आसपास हंगाम संपतो. जेथे दोन महिन्यांपूर्वी गुडघाभर चिखल होता त्याच मोकळ्या बांधीत मंडप पडतो. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक अशी जोडी अनेक गावांत रूढ होती. बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातल्यावर ही जोडी मोडली, आणि २०२३ साली राज्याच्या कायद्याला मान्यता मिळाल्यावर शंकरपटाची वाट पूर्णपणे मोकळी झाली. नाटक रात्री उशिरा उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या व्यवसायाचे केंद्र. कंपन्यांच्या कचेऱ्या तेथे, तारखांची बोली तेथे, जाहिरातीचे फलक तेथे. या रंगभूमीवर आयुष्य घालविलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राला तिच्या विस्ताराची काहीशी जाणीव झाली.

या व्यावसायिक रंगभूमीच्या मुळाशी दंडार आहे. दंडारीत सर्व पात्रे पुरुषच रंगवीत. लुगडे नेसलेला, बांगड्या भरलेला, पायात घुंगरांचे चाळ बांधलेला पुरुष हे तिचे अविभाज्य अंग. पूर्व विदर्भातील खडी गंमतीतही शाहिराच्या जोडीला नाच्या असतो, आणि तोही पुरुषच. दक्षिणेकडे राजुरा-जिवतीच्या डोंगराळ भागात आणि त्याला लागून असलेल्या आदिलाबादच्या मुलखात गोंडांची दंडारी दिवाळीच्या दिवसांत गावोगाव फिरते. मोरपिसांचा भारी मुकुट घातलेले, अंगाला राख फासलेले गुसाडी हे तिचे सर्वांना माहीत असलेले रूप. त्याच मेळ्यात स्त्रीवेष घेतलेले तरुणही असतात आणि त्यांना पोरिक म्हणतात. एका गावाचा मेळा दुसऱ्या गावी पाहुणा म्हणून जातो, तेव्हा पोरिक हा त्या पाहुणचाराचा मानकरी असतो, कुचेष्टेचा विषय नसतो.

येथे कायद्याच्या इतिहासातील एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. राजुऱ्याचा भाग १९५६ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्या राज्यात १९१९ साली, म्हणजे १३२९ फसलीत, ‘हिजड्यां’विषयीचा एक कायदा झाला. त्याने अशा व्यक्तींची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली, आणि नोंदीतील व्यक्ती स्त्रीवेषात वा दागिने घालून रस्त्यावर अथवा रस्त्यावरून दिसेल अशा जागी आढळली तर तिला अटक करण्याचा अधिकार दिला. ब्रिटिश हिंदुस्थानातील १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग हा त्याचा आदर्श होता. तेलंगण उच्च न्यायालयाने हा कायदा जुलै २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरविला. तात्पर्य असे की, ज्या प्रदेशात दिवाळीच्या दिवसांत स्त्रीवेषातील पोरिक गावोगाव सन्मानाने नाचत होता, त्याच प्रदेशात स्त्रीवेषातील दुसरी एखादी व्यक्ती केवळ रस्त्यावर दिसली म्हणून गुन्हेगार ठरू शकत होती. दोघांचाही वेष स्त्रीचाच होता आणि रस्ताही एकच होता. वेगळी होती ती त्या वेषाभोवतीची चौकट.

३

चौकट हा शब्द येथे पारिभाषिक अर्थाने योजला आहे. पाहणाऱ्याने समोरच्या कृतीचा अर्थ कसा लावावा हे आधीच ठरवून देणारी सामाजिक सूचना म्हणजे चौकट. मराठी मुलखात पुरुषाच्या स्त्रीवेषाला चार चौकटी उपलब्ध होत्या असे दिसते.

पहिली चौकट भूमिकेची. विष्णुदास भावे यांच्या १८४३ च्या खेळापासून संगीत रंगभूमीच्या वैभवकाळापर्यंत ती अबाधित होती. बालगंधर्वांच्या लुगड्यांची आणि केशरचनेची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत, असे त्या काळाच्या आठवणींत वारंवार नोंदलेले आहे. पुरुषाने रचलेले स्त्रीत्व स्त्रियांसाठी वस्तुपाठ झाले, ही त्या चौकटीची परिसीमा. दुसरी चौकट विधीची. दंडारी व दंडार यांतील स्त्रीवेषाला ऋतूचा, पिकाचा आणि दैवतांचा आधार असतो, आणि तो दिवस सरला की वेषही सरतो. तिसरी चौकट दैवताची. रेणुका-यल्लम्मेचा जोगता लुगडे नेसून भर दिवसा, भर रस्त्यात, परडी घेऊन फिरतो. येथे वेष रात्रीपुरता किंवा ऋतुपुरता नसून जन्मभराचा असतो, कारण तो त्याने घेतलेला नसून देवीने त्याच्यावर घातलेला आहे, असे समाज मानतो. चौथी चौकट हास्याची. अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’पासून १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’पर्यंत लुगड्यातील पुरुष मराठी मध्यमवर्गाने कुटुंबासह पाहिला, कारण त्याच्याकडे पाहून हसण्याची पूर्वपरवानगी होती आणि शेवटी तो पुन्हा पुरुष होणार याची हमी होती.

या चारही चौकटींचा एक समान धर्म आहे. प्रत्येक चौकट वेषाची जबाबदारी तो घालणाऱ्यावरून काढून घेते. नट म्हणतो, ही भूमिका आहे. पोरिक म्हणतो, ही रीत आहे. जोगता म्हणतो, ही देवीची इच्छा आहे. विनोदी पात्र म्हणते, ही नाइलाजाने केलेली बनवाबनवी आहे. ‘मला हे घालावेसे वाटले म्हणून मी घातले’ हे वाक्य या चारांपैकी एकाही चौकटीत उच्चारता येत नाही. परंपरेने स्त्रीवेष मान्य केला, पण स्त्रीवेषाची इच्छा मान्य केली नाही. ‘आमच्याकडे हे पूर्वीपासून होते’ या विधानाची मर्यादा येथे स्पष्ट होते.

मराठी कवितेचा इतिहास या निष्कर्षाला बळकटीच देतो. ज्ञानदेवांच्या विरहिणी आणि एकनाथांच्या गौळणी यांत पुरुष कवी स्त्रीच्या आवाजात बोलतो, आणि त्या आवाजाबद्दल कोणालाही कधी संकोच वाटलेला नाही. शब्दाच्या पातळीवर पुरुषाला स्त्री होण्याची मुभा शेकडो वर्षांपूर्वीच मिळाली होती. दंडारीतील राधा-गौळणींचे प्रवेश हे त्याच मुभेचे लौकिक, देहधारी रूप. परंतु शब्दाकडून देहाकडे येताना मुभेला अटी लागल्या, आणि देह रंगमंचावरून रस्त्यावर उतरताच ती मुभा संपली.

४

उंच टाच या चारांपैकी कोणत्याही चौकटीत बसत नाही. म्हणूनच ती या विवेचनात निकषासारखी उपयोगी पडते. दंडारीतील पुरुष अनवाणी असतो आणि जोगताही बहुधा अनवाणीच चालतो. परंपरेच्या स्त्रीवेषाला पादत्राणाची गरजच पडली नाही. पादत्राण ही रस्त्याची वस्तू आहे. देवळात, घरात, रंगमंचावर ती बाहेर काढून ठेवली जाते. ती पायात आहे याचाच अर्थ माणूस कोठे तरी निघाला आहे, त्याचे काही काम आहे आणि तो नाटकात नाही. लुगडे भूमिकेचे असू शकते, पण रस्त्यावरची वहाण ज्याची त्याचीच असते.

चाळ आणि टाच यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरते. दोन्हींना आवाज आहे आणि दोन्ही घालणाऱ्याकडे लक्ष वेधून घेतात. चाळांचा आवाज मात्र ढोलकीच्या आवाजात मिळालेला असतो. तो सांगतो की खेळ सुरू झाला, पाहा. टाचेच्या आवाजाला कोणत्याही वाद्याची साथ नसते. फरशीवर वा डांबरी रस्त्यावर तो एकटाच वाजतो. शिवाय टाच चाल बदलते, शरीराचा तोल पुढे नेते आणि प्रत्येक पाऊल जाणीवपूर्वक टाकायला लावते. ‘नटरंग’ ही आनंद यादवांची कादंबरी आणि तिच्यावरील २०१० चा चित्रपट यांत पैलवानी बांध्याच्या गुणाला नाच्या होताना चाल बदलण्याची जी यातना सोसावी लागते, तिचे मर्म हेच आहे. बोलणे उसने आणता येते, वेष उसना आणता येतो, परंतु चाल ही देहाच्या सर्वांत खोल सवयींपैकी एक असते. ती बदलल्यावर गुणाला मंचावर टाळ्या मिळाल्या, पण मंचाखाली त्याच्या वाट्याला अवहेलना आणि अत्याचार आला. भूमिकेची चौकट मंचाच्या कडेला संपते, हे ‘नटरंग’ इतक्या परखडपणे सांगणारी दुसरी मराठी कलाकृती क्वचितच सापडेल.

मराठी भाषेत पाय, टाच आणि वहाण यांभोवती सत्तेचा फार मोठा शब्दव्यवहार गुंफलेला आहे. ‘पायरी ओळखून वागणे’ यात उंची हीच प्रतिष्ठा. ‘पाऊल वाकडे पडणे’ हा वाक्प्रचार बहुधा स्त्रीच्याच वाट्याला येतो. वहाणेने पायातच राहावे या अर्थाची म्हण स्त्रियांना आणि खालच्या मानलेल्या जातींना त्यांची जागा दाखविण्यासाठीच वापरली गेली. ‘टाच मारणे’ हा मात्र निःसंशय पुरुषी शब्दप्रयोग आहे, कारण तो घोडेस्वाराचा आहे. आणि इतिहास असा की, उंच टाचही मुळात घोडेस्वाराचीच. रिकिबीत पाय घट्ट राहावा म्हणून इराणी स्वारांनी ती घातली, सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधिकाळात ती युरोपात गेली, आणि फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात लाल टाच हा पुरुषी ऐश्वर्याचा मानदंड ठरला. रिगो या चित्रकाराने १७०१ मध्ये काढलेल्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात ती टाच आजही पाहता येते. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुरुषांनी नटण्याचा हक्कच सोडून दिला. फ्ल्यूगेल या मानसशास्त्रज्ञाने १९३० साली त्याला पुरुषांचा महान त्याग असे नाव दिले. टाच त्यानंतर स्त्रीच्या पायात राहिली आणि हळूहळू तिचीच मानली गेली.

आपल्याकडेही उंचावलेले पादत्राण पुरुषाला परके नव्हते. लाकडी खडावा हे संन्याशाचे आणि गुरूचे पादत्राण होते, आणि पादुका तर पालखीत बसवून पंढरीला नेल्या जातात. मग उंच टाचेचा पुरुष परंपरेविरुद्ध आहे, या म्हणण्यात कोणती परंपरा अभिप्रेत आहे? वस्तूचे लिंग वस्तूत नसते, ते वापराच्या पुनरावृत्तीतून घडते. ज्युडिथ बटलर यांनी १९९० साली ‘जेंडर ट्रबल’मध्ये लिंगभावाविषयी जे मांडले, ते टाचेच्या चार शतकांच्या प्रवासातून जणू प्रयोगासारखे सिद्ध झाले आहे.

५

तथापि बटलर यांच्या उपपत्तीचे मराठी उपयोजन करताना सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. स्त्रीवेषातील पुरुष लिंगभावाचे कृत्रिमपण उघडे पाडतो, म्हणून तो विद्रोही असतो, असा सरधोपट निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. खुद्द बटलर यांनीच १९९३ च्या ‘बॉडीज दॅट मॅटर’मध्ये हा निष्कर्ष नाकारला. असा वेष प्रस्थापित संकेत मोडू शकतो, तसाच तो त्यांना बळकटही करू शकतो, असे त्यांचे म्हणणे. झाडीपट्टीचा आणि एकूण मराठी रंगभूमीचा अनुभव दुसऱ्या शक्यतेकडे अधिक झुकतो. पुरुष स्त्रीपार्टी मान्य होता याचे कारण पुरुषाचे स्वातंत्र्य मोठे होते हे नव्हते. स्त्रीला मंचावर जागा नव्हती म्हणून तो मान्य होता. त्याचे लुगडे हे तिच्या अनुपस्थितीचे चिन्ह होते.

१९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, आणि शहरी रंगभूमीवर स्त्रीपार्टी नटांचे युग मावळू लागले. झाडीपट्टीत हे स्थित्यंतर पुष्कळ उशिरा आणि निराळ्या रीतीने झाले. व्यावसायिक कंपन्या वाढल्या, नागपूरकडून आणि पुण्या-मुंबईकडून अभिनेत्री येऊ लागल्या, फलकावर त्यांची नावे ठळक झाली. या बदलात जे घडले ते समीक्षेने डोळसपणे पाहिले पाहिजे. पुरुष स्त्रीपार्टीला जो आदर होता तो अभिनेत्रीला मिळाला नाही. जे पुरुषाने केले तर कला, तेच स्त्रीने केले तर तिच्या चारित्र्याविषयी शंका, हा दुटप्पीपणा मंडपाबाहेर आजही ऐकू येतो. म्हणून पुरुषाच्या वेषस्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्याला स्त्रीच्या रंगभूमीवरील आणि रस्त्यावरील हक्काला वगळून चालणार नाही. ज्या टाचेविषयी पुरुष आत्मविश्वास कमावू पाहतो, तीच टाच अनेक स्त्रियांना कामाच्या ठिकाणी सक्तीने घालावी लागते आणि स्त्रीवादी विचाराने तिला बंधन म्हणून ओळखले आहे, याचाही विसर पडता कामा नये. एकाच वस्तूची सक्ती आणि बंदी एकाच व्यवस्थेतून निघते. स्त्रीला घालायला लावणारे आणि पुरुषाला घालू न देणारे हात वेगवेगळे नाहीत.

याचा सर्वांत ढळढळीत पुरावा बांगड्यांचा आहे. दंडारीतील पुरुषाच्या हातातील बांगड्या गाव कौतुकाने पाहते. तेच गाव एखाद्या अधिकाऱ्याचा निषेध करावयाचा झाला की त्याच्या टेबलावर बांगड्यांचा आहेर नेऊन ठेवते. ‘हातात बांगड्या भरल्या आहेत काय?’ हा प्रश्न मराठी राजकारणात सर्व पक्षांनी विचारलेला आहे. चौकटीच्या आत जे लेणे, तेच चौकटीबाहेर लांच्छन. आणि ते लांच्छन का, तर स्त्री असणे हेच उणेपण मानले गेले आहे म्हणून. स्त्रीवेषातील पुरुषाची रस्त्यावर होणारी टवाळी ही मुळात त्याची टवाळी नसतेच. त्याने स्वेच्छेने पायरी सोडून खाली उतरावे, या गोष्टीचा तो राग असतो. उंच टाच घातलेला पुरुष देहाने उंच होतो आणि समाजाच्या लेखी खाली येतो. ही विसंगती ज्या समाजाला विसंगती वाटत नाही, त्याने स्त्रीला कोणत्या पायरीवर ठेवले आहे हे निराळे सांगावे लागत नाही.

६

चौकट हरवलेल्या पुरुषाचे मराठीतील सर्वांत समर्थ चित्रण सतीश आळेकर यांच्या ‘बेगम बर्वे’ (१९७९) या नाटकात आहे. बर्वे हा संगीत नाटक कंपनीतील दुय्यम स्त्रीपार्टी नट. कंपनी संपली, काळ संपला, आणि तो उदबत्त्या विकत शामरावाच्या जाचात दिवस काढतो. जावडेकर व बावडेकर या दोन कारकुनांच्या स्वप्नविश्वात तो शिरतो, जावडेकर त्याच्यात आपल्या मनातली नलावडेबाई पाहू लागतो, आणि बर्वे जुन्या नाट्यपदांच्या आधाराने तिचे लग्न, तिचे गर्भारपण जगतो. या नाटकाचे वाचन पुष्कळदा मध्यमवर्गीय स्वप्नरंजनाचे किंवा संगीत रंगभूमीच्या स्मरणरंजनाचे भाष्य म्हणून होते, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रस्तुत विवेचनाच्या संदर्भात त्याचे आणखी एक वाचन संभवते. बर्व्याची शोकान्तिका तो स्त्री होऊ पाहतो यात नाही. त्याच्या स्त्रीत्वाला मान्यता देणारा प्रेक्षागार उरलेला नाही, यात ती आहे. बालगंधर्वांना सभागृह होते, बर्व्याला दोन कारकून आहेत. तेवढ्या दोन माणसांनी पाहिले तरी तो उभा राहतो, आणि त्यांची नजर काढून घेतली जाताच तो कोसळतो.

‘आत्मविश्वास’ या शब्दाचा येथे पुनर्विचार करावा लागतो. रूढ मानसशास्त्रीय भाषेत आत्मविश्वास हा व्यक्तीच्या आत साठलेला द्रव्यासारखा पदार्थ मानला जातो. ज्याच्याजवळ तो आहे तो रस्त्यावर उतरतो, ज्याच्याजवळ नाही त्याने तो कमवावा, अशी त्या भाषेची शिकवण. दंडारीचा अनुभव याच्या उलट दिशेने जातो. एरवी चारचौघांत मान वर न करणारा शेतमजूर मंडईच्या रात्री हजारो डोळ्यांसमोर लुगडे नेसून निःसंकोच नाचतो. त्याचा आत्मविश्वास त्या रात्री अचानक कोठून आला? तो त्याच्या आत नव्हताच, तो समोर बसलेल्या गावाजवळ होता. गावाने तो त्याला रात्रीपुरता दिला आणि पहाटे परत घेतला. विश्वास हा मुळात दोघांतला व्यवहार आहे, आणि ‘आत्म’ हे उपपद लागल्याने तो एकट्याचा होत नाही.

या दृष्टीने पाहिल्यास उंच टाच घालून रस्त्यावर येणारा पुरुष परंपरेच्या मागे लपत नाही आणि तिच्याशी तुटूनही जात नाही. परंपरेने जे काम चौकटीकडून करून घेतले, ते तो स्वतःच्या देहाकडून करून घेऊ पाहतो. त्याला ना ढोलकीची साथ, ना देवीचा आधार, ना हशाची परवानगी. ‘मला हे घालावेसे वाटले’ हे परंपरेत अनुच्चारित राहिलेले वाक्य तो पावलांनी उच्चारतो. ते उच्चारणे एकट्याच्या धैर्यावर सोडून दिले तर बहुतेकांचा बर्वे होतो. महानगरांत अशा पुरुषाभोवती निदान मित्रमंडळे, संस्था, मोर्चे उभे राहिले आहेत. २०१४ च्या नाल्सा निवाड्याने आणि २०१८ च्या कलम ३७७ विषयीच्या निवाड्याने त्यांना कायद्याची भाषा दिली आहे. मात्र कायदा शिक्षा थांबवू शकतो, नजर बदलू शकत नाही.

७

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. ज्या प्रदेशात अनवाणी चालणे ही आवड नसून अनेकांची परिस्थिती होती, जेथे जंगलाच्या वाटा, धानाच्या धुऱ्या आणि पावसाळ्यातील चिखल यांत साध्या चपलेचाही टिकाव लागत नाही, तेथे उंच टाचेची चर्चा करणे म्हणजे अरण्यावर महानगराची चैन लादणे नव्हे काय? देशीवादी भूमिकेतून हा आक्षेप अधिक तीव्रतेने मांडता येईल, आणि त्यात तथ्यांश आहे. झाडीपट्टीच्या अस्मितेचे प्रश्न टाचेपेक्षा कितीतरी मोठे आहेत.

परंतु आक्षेपाचा रोख वस्तूवर आहे, तिच्यातून उभ्या राहणाऱ्या प्रश्नावर नाही. टाच येथे परकी असेलही, पण पुरुषाने कोणते लेणे ल्यावे यावर गावाचे नियंत्रण असणे ही गोष्ट परकी नाही. किंबहुना, झाडीपट्टीने या प्रश्नाचे अर्धे उत्तर शहरांच्या फार आधी शोधले आहे. लुगड्यातील पुरुष पाहून दचकायचे नाही, ही सवय वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड या परिसरातील प्रेक्षकाला बालपणापासून आहे, आणि शहरी मध्यमवर्गाने ती केव्हाच गमावली आहे. दंडारीच्या कडेला आईच्या मांडीवर झोपी गेलेल्या मुलाने आपल्याच गावचा माणूस राधा झालेला पाहिलेला असतो, आणि तो माणूस कोण हेही त्याला ठाऊक असते. ही फार मोठी सांस्कृतिक पुंजी आहे. शहराला अशी सवय प्रचारातून आणि कायद्यातून नव्याने लावावी लागत आहे.

मात्र अर्धे उत्तर हे पूर्ण उत्तर नव्हे. गावाने रात्रीच्या राधेला जी नजर दिली, ती सकाळी तिच्या चेहऱ्यावरचा रंग पुसला जाण्याची खात्री असल्यामुळे दिली. ज्या पुरुषाला तो रंग पूर्णपणे पुसावासा वाटला नसेल, त्याची नोंद कोणत्याही दंडारीच्या इतिहासात नाही. असे पुरुष असणारच, आणि त्यांतील काहींनी दंडार निवडली ती कदाचित त्याच कारणाने. परंतु लोककलेच्या अभ्यासाने वेषभूषेची वर्णने केली, पदांचे संकलन केले, वाद्यांची यादी केली, आणि वेष उतरविणाऱ्या माणसाला प्रश्न विचारला नाही. आतापर्यंतच्या संशोधनातील ही उणीव अनवधानाची नाही. अभ्यासकांनीही तीच चौकट मानली होती.

झाडीपट्टीतील स्त्रीपार्टी नटांची शेवटची पिढी आज वृद्ध झाली आहे. तिच्या आठवणी टिपून घेण्याचे काम विद्यापीठांतील मराठी विभागांनी हाती घ्यावयाचे असेल, तर प्रश्नावलीत दोन प्रश्न अधिक असावेत. लुगडे नेसल्यावर काय वाटत असे, हा पहिला. आणि ते सोडून ठेवताना काय वाटत असे, हा दुसरा. परंपरेला साक्षीदार म्हणून उभे करणाऱ्या दोन्ही पक्षांनी या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहिली पाहिजे.